मागचं उजवं चाक: रोजच्या वापरासाठी जुनी गाडी घेतानाचं एक प्रकरण

हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकडे मात्र त्यांच्या वहीतलेच आहेत. गॅरेजमध्ये बरीच वर्षं काम केल्यावर आता मी ओळखीतल्या लोकांबरोबर जुन्या गाड्या बघायला जातो. तिथे एक प्रश्न हमखास कानावर येतो: "अ‍ॅव्हरेज किती देते?" प्रश्न योग्यच आहे. पण लोक तो मॉडेलबद्दल विचारतात, आणि खरं उत्तर समोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीत दडलेलं असतं. हे मला माहीत असूनही या खरेदीत मी एका ठिकाणी चुकलो. म्हणून सगळं सविस्तर लिहावंसं वाटलं.

पैशांचे आकडे कुठल्याही चलनात दिलेले नाहीत. हाताशी असलेली एकूण रक्कम १०० धरली आहे आणि बाकीचं सगळं त्या प्रमाणात सांगितलं आहे.

पार्श्वभूमी

नवरा-बायको आणि दोन शाळकरी मुलं असं हे घर. ताई एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत शिफ्टमध्ये काम करतात. जायला २७ किमी, यायला २७ किमी. महिन्यातून आठ-दहा दिवस रात्रपाळी, म्हणजे परतीचा रस्ता पहाटे अंधारात. दादांचं काम घरूनच चालतं, पण मुलांना शाळेत सोडणं-आणणं त्यांच्याकडे, आणि त्यासाठीही हीच गाडी. सगळं मिळून महिन्याला साधारण १,५०० किमी रनिंग.

घरात एक जुनी, जडशी ऑटोमॅटिक सेडान होती. तिचा गिअरबॉक्स आता कुरकुरत होता. गिअर बदलताना इंजिनचा आवाज वाढायचा, मग एक हिसका बसायचा आणि मग गाडी पुढे सरकायची. गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करायचा खर्च गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त निघाला. त्यामुळे "आहे तीच चालवू" हा पर्याय एका संध्याकाळीच बाद झाला.

अडचण

दादांच्या मते जुनी गाडी लिटरला १३ पडत होती. डॅशबोर्डही तेच दाखवत होता. मी त्यांना टाकी ते टाकी मोजायला सांगितलं: पंपाचा नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, ट्रिप मीटर शून्य करायचा, पुढच्या वेळी पुन्हा तसंच भरायचं आणि झालेल्या किलोमीटरना त्या वेळी भरलेल्या लिटरने भागायचं. एका वेळच्या मोजणीवर विसंबून राहायचं नाही, कारण नोझल कधी लवकर तुटतो, कधी उशिरा. तीन टाक्यांची सरासरी निघाली १०. म्हणजे महिन्याला १५० लिटर पेट्रोल.

हा आकडा कळल्यावर दोघंही हादरले, आणि मग जे सगळ्यांचं होतं तेच त्यांचं झालं. जास्तीत जास्त अ‍ॅव्हरेज देणारी गाडी शोधायची, बाकीचं नंतर बघू. दादा तर त्यासाठी कर्ज काढायलाही तयार झाले. ताईंची अट एकच होती: पहाटेच्या ओल्या रस्त्यावर गाडी भरवशाची हवी. त्यावरून आम्ही इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल ही सक्तीची अट ठरवली. गाडी घसरायला लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून तिला रेषेत आणते. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून ती सर्व नव्या गाड्यांना बंधनकारक आहे, पण इतर ठिकाणी एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटमध्ये ती नसू शकते. म्हणून मॉडेलचं नाव ऐकून समाधान मानायचं नाही. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चिन्ह पेटून विझतं का, ते डोळ्यांनी बघायचं. या एका अटीने यादीतली जवळपास निम्मी नावं गळाली.

रस्त्याची वही

गाड्या बघायच्या आधी मी त्यांना दोन आठवडे रोजच्या फेऱ्या लिहून ठेवायला सांगितल्या. किती किमी, किती वेळ, इंजिन सुरू करताना गार होतं की गरम. ताईंना वाटत होतं की आपलं ड्रायव्हिंग बहुतेक मोकळ्या रस्त्यावरचं आहे. वहीत दिसलं वेगळंच. २७ पैकी ९ किमी रांगेत रखडत जायचे, आणि दादांच्या शाळेच्या फेऱ्या ३-३ किमीच्या, दिवसातून चार, बहुतेक गार इंजिनावर.

किलोमीटरच्या बेरजेत या छोट्या फेऱ्या किरकोळ दिसतात, पण गाडी कुठली घ्यायची हे त्यांनीच ठरवलं. गार इंजिन जास्त पेट्रोल पितं, कारण सुरुवातीची काही मिनिटं हवेबरोबरच्या मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण मुद्दाम जास्त ठेवलेलं असतं आणि ऑइलही घट्ट असतं. डिझेल गाडीचं तर त्याहून अवघड होतं.

समोरचे पर्याय

साधं पेट्रोल, टर्बो नसलेली १.२ लिटर मॅन्युअल हॅचबॅक, सात वर्षं जुनी. बाजारात साधारण ८५ ला मिळत होती.

डिझेल, सहा वर्षं जुनी, ९७ च्या आसपास.

हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवर चालणारी मोटर, दोन्ही असलेली), नऊ वर्षं जुनी, १०७. म्हणजे बजेटच्या बाहेर.

चौथी एक छोट्या टर्बो इंजिनाची, ड्युअल क्लच गिअरबॉक्सवाली गाडी होती. ती दादांना फार आवडली होती. तिच्याबद्दल थोडक्यात सांगतो. स्कॅनर लावला तेव्हा एकही दोष नोंदलेला नव्हता, पण इंजिनचा संगणक स्वतःच्या ज्या तपासण्या करत असतो त्या जवळपास सगळ्या "अपूर्ण" दाखवत होत्या. याचा अर्थ दोषांची नोंद नुकतीच पुसली आहे किंवा बॅटरी काढून जोडली आहे. मी विचारलं तर मालक म्हणाले, बॅटरी कालच बदलली. बॅटरीवर मात्र धुळीचा जाड थर होता. आम्ही आभार मानून निघालो.

डिझेलवर आमची बराच वेळ चर्चा झाली, कारण मोकळ्या रस्त्यावर डिझेलचा हात कोणी धरत नाही. पण आजच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळून टाकायला त्याचं तापमान ६०० अंश सेल्सियसच्या घरात न्यावं लागतं, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग चालत राहावी लागते. ताईंच्या फेरीत ते जमलं असतं. पण दादांच्या ३ किमीच्या फेऱ्यांमध्ये गाडी काजळी जाळायला सुरुवात करायची आणि शाळेच्या दारात इंजिन बंद व्हायचं. असं वारंवार झालं की न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, फिल्टर तुंबतो, आणि मग वाचवलेले सगळे पैसे एका दुरुस्तीत जातात. एकटी ताई गाडी वापरणार असती तर मी डिझेलच सुचवलं असतं.

लिटरचा हिशेब

उरली पेट्रोल आणि हायब्रिड. दादांचा कल हायब्रिडकडे. त्यांचं म्हणणं सरळ होतं: ती लिटरला २४ देते, ही १८ देते, सहाचा फरक आहे.

इथे मी त्यांना किलोमीटर बाजूला ठेवून महिन्याचे लिटर मोजायला सांगितलं. १,५०० किमीला जुन्या गाडीत १५० लिटर लागतात. अठरा देणाऱ्या गाडीत ८३. चोवीस देणारीत ६२ ते ६३. म्हणजे १० वरून १८ वर गेलं की महिन्याला ६७ लिटर वाचतात, आणि १८ वरून २४ वर गेलं की आणखी फक्त २१. लिटरला किती किमी ही भाषा आपल्या सवयीची आहे, पण वरच्या आकड्यांकडे जाताना ती फसवते. मोठी बचत पहिल्याच उडीत होऊन गेलेली असते. हाच हिशेब १०० किमीला किती लिटर असा मांडला, तर १०, ५.६ आणि ४.२ असे आकडे येतात आणि चित्र लगेच स्वच्छ दिसतं.

मग गाड्यांच्या किमतीही आम्ही लिटरमध्ये बदलल्या. त्यांच्याकडच्या दराने १०० पैकी एक भाग म्हणजे साधारण ६० लिटर पेट्रोल. हायब्रिड २२ भागांनी महाग, म्हणजे १,३२० लिटर. महिन्याला २१ लिटर वाचवून ते भरून काढायला ६३ महिने. गाडी पाच वर्षं वापरायची ठरली होती, म्हणजे ६० महिने. कर्जाचं व्याज यात धरलेलंच नाही. डिझेलचा हिशेबही असाच केला. दोन्ही इंधनांचा दर सारखा धरला आणि लिटरला २२ चा अ‍ॅव्हरेज पकडला, तर १२ भागांचा फरक वसूल व्हायला ४८ महिने.

कागदावर हायब्रिड इथेच हरली असं मी म्हणणार नाही. १९९७ साली टोयोटाने जपानमध्ये प्रियस विकायला काढली, तेव्हापासून या तंत्राचा कस लागून झाला आहे. रखडत्या ट्रॅफिकमध्ये ती खरोखर कमी पिते. वेग कमी करताना मोटरच जनित्र बनते, त्यामुळे ब्रेक पॅडही जास्त टिकतात. म्हणून आम्ही ती गाडी बघायला गेलो. मागच्या सीटच्या कडेला बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी असते. तिथे बोट फिरवलं तर प्राण्याच्या केसांचा आणि धुळीचा नमदा हाताला लागला. नऊ वर्षं ती जाळी कोणी साफ केलेली नव्हती. स्कॅनरवर बॅटरीच्या गटांचे व्होल्टेज बघितले, तर गाडीवर जोर दिल्यावर दोन गट बाकीच्यांपेक्षा ठळकपणे खाली जात होते. बॅटरी बदलायचा खर्च त्यांनी विचारून घेतला: १८ भाग. दादा परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "पेट्रोल बघू."

पाहणी

पहिली पेट्रोल हॅचबॅक मीटरवर ४८,००० किमी दाखवत होती. विक्रेत्याने ताईंना सांगितलं, "मॅडम, शोरूम कंडिशन आहे, लोक रांगेत आहेत." गाडी धुऊन पुसून लखलखीत केलेली. पण क्लचच्या पेडलवरचं रबर घासून गुळगुळीत झालेलं होतं, त्यावरच्या रेघा डाव्या कडेला जेमतेम शिल्लक होत्या. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची उशी खचलेली. एवढी झीज ४८,००० मध्ये होत नाही. बोनेट उघडून टॉर्च मारली, तर बॅटरीच्या मागे ऑइल बदलल्याची एक चिठ्ठी अजून चिकटलेली होती. तेलकट बोटांचे ठसे, आणि पेनने लिहिलेला आकडा: ९१,४००. विक्रेता म्हणाला, दुसऱ्या गाडीची असेल. ताईंनी फोटो काढायला फोन वर केला तसा त्याने बोनेट खाली घेतला.

दुसरी गाडी एकाच मालकाची, १,१२,००० किमी झालेली. ताईंचा चेहरा पडला. एक लाखाच्या पुढची गाडी घ्यायची नाही असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं होतं. मला इथे थोडा आग्रह धरावा लागला. सात वर्षांत १,१२,००० म्हणजे वर्षाला १६,०००. रोज कामाला जाणाऱ्या माणसाची गाडी असते तशीच. मालकाने एक फाइल पुढे केली. प्रत्येक सर्व्हिसचं बिल तारीख आणि किलोमीटरसह, क्रमाने लावलेलं. पुसलेल्या ४८,००० पेक्षा कागदावर सिद्ध होणारे १,१२,००० किती तरी बरे.

तरीही फाइलवर विसंबून राहिलो नाही. मालकांना आदल्या दिवशीच फोन करून विनंती केली होती की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर आधी बोनेटवर तळहात ठेवला, गार होता. गरम इंजिन बरेच दोष लपवतं. गार इंजिन सुरू होताना दोनएक सेकंद टकटक झाली, मग ऑइल वर चढलं आणि आवाज मिटला. निळा धूर नाही. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मळकट पांढरी साय नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून खालची पट्टी वाचली. चारही बेल्टवरचं साल गाडीच्या सालाशी जुळत होतं. अपघातात एअरबॅग उघडल्या की पुढचे बेल्टही सहसा बदलावे लागतात, म्हणून ही छोटी चिठ्ठी बरंच सांगून जाते. रंगाची जाडी मोजणारं यंत्र माझ्याकडे असतं. कंपनीच्या रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. एका मागच्या दारावर २८० आली. मालक न विचारताच म्हणाले, पार्किंगमध्ये खांबाला घासलं होतं, बिल फाइलमध्ये आहे. होतं.

टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. पुढचे दोन टायर दोन वर्षांचे निघाले, मागचे दोन गाडीइतकेच जुने. ते आमच्या बदलायच्या यादीत गेले.

मग टेस्ट ड्राइव्ह. मालकांना कुठेतरी जायची घाई होती, रस्त्यावर गर्दी होती. बारा मिनिटांत आम्ही परत आलो. स्टिअरिंग सरळ, गिअर नीट पडत होते, ब्रेक लागत होते. मला गाडी आवडली होती, आणि आवडलेल्या गाडीला मी कमी प्रश्न विचारले. याकडे पुढे परत येतो.

सौदा

मालकांनी ८६ सांगितले होते. घासाघीस करायला आमच्याकडे एकच ठोस मुद्दा होता, टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा. कंपनीच्या तक्त्याप्रमाणे तो १,२०,००० किमी किंवा आठ वर्षं, जे आधी होईल तेव्हा बदलायचा होता. म्हणजे जवळ आलेलाच. या इंजिनात बेल्ट तुटला तर वर-खाली होणारे पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनाची पूर्ण वाट लागते, त्यामुळे तिथे "चालेल अजून थोडं" म्हणायची सोय नाही. आम्ही दुसऱ्या गॅरेजचं बेल्ट, वॉटर पंप आणि मजुरीचं लेखी अंदाजपत्रक दाखवलं. मालकांनी ते वाचलं, थोडा विचार केला आणि ८२ वर आले. रंगावर, ओरखड्यांवर किंवा "बाजारात स्वस्त मिळते" यावर आम्ही एक शब्द बोललो नाही. खरा, कागदावर दाखवता येणारा खर्च समोर ठेवला की प्रामाणिक विक्रेता ऐकतो, हा माझा अनुभव आहे.

इसार देण्याआधी चासी नंबरचे १७ अंक-अक्षरं गाडीवर आणि कागदावर एकेक करून जुळवली, गाडीवर कर्जाचा बोजा नाही याचं पत्र घेतलं. वाटणी आधीच ठरली होती: गाडीला ८२, लगेचच्या कामांना ८, आणि १० पहिल्या वर्षासाठी राखून. दादांना हे दहा पडून राहिलेले बघवत नव्हते. चांगले टायर, नवी सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम असे विषय निघाले. ताईंनी ते पैसे वेगळ्या खात्यात टाकून दिले.

घरी आल्यावर

बेल्ट, वॉटर पंप, इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, मागचे दोन टायर. ८ ऐवजी ९ लागले. मग ताईंनी वही उघडली.

पहिली टाकी: १५.६. दुसरी: १५.७.

दादांचा फोन आला तेव्हा आवाजात नाराजी होती. कंपनीच्या माहितीपत्रकात २१ लिहिलं होतं, मी १८ म्हणालो होतो, आणि हाती आले १५. माहितीपत्रकाचा आकडा मी आधीच बाजूला ठेवला होता. युरोपात २०१७ पर्यंत एनईडीसी नावाची चाचणी वापरली जायची. ती प्रयोगशाळेत रोलरवर, जेमतेम २० मिनिटांची आणि ११ किमीची, सरासरी वेग ताशी ३४ किमीच्या आसपास. त्यानंतरची डब्ल्यूएलटीपी चाचणी ३० मिनिटांची, २३ किमीची आणि जास्त वेगाची आहे. जुन्या चाचणीचा आकडा नव्या चाचणीच्या आकड्याशेजारी ठेवून दोन गाड्यांची तुलना करणं चूक आहे, आणि आपल्या रस्त्याशी तर दोन्हींचा संबंध बेताचाच. पण माझ्या १८ आणि वहीतल्या १५.६ मधला फरक चाचणीचा नव्हता. गाडीत काहीतरी होतं.

मी ताईंना कामावरून घरी येताना शेवटचे पाचशे मीटर जोरात ब्रेक न दाबता यायला आणि उतरल्याबरोबर चारही चाकांच्या जवळ हात नेऊन बघायला सांगितलं. हात लावायचा नाही, फक्त जवळ धरायचा. ताईंचा निरोप बारा शब्दांचा होता: मागचं उजवं चाक तापलंय, जळक्या धुळीसारखा वास येतोय, बाकीची तीन जेमतेम कोमट.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये जॅकवर मागचा भाग उचलला. डावं चाक हाताने ढकललं तर निवांत फिरत राहिलं. उजवं पाव फेरीत थांबलं. ड्रम काढला. आतल्या सिलिंडरचा पिस्टन गंजून चिकटला होता, त्यामुळे ब्रेक सोडल्यावर ब्रेक शू पुरता मागे येत नव्हता. गाडी दिवसभर थोडा ब्रेक दाबूनच चालत होती. सिलिंडर, शू आणि मजुरी मिळून १ भाग खर्च. पुढची टाकी १७.२.

बाकीचा फरक दोन गोष्टींनी भरला. टायरमधली हवा कोणीतरी अंदाजाने भरलेली होती. ती ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे, टायर गार असताना भरून घेतली. आणि ताईंनी मोकळ्या रस्त्यावरचा वेग ११० वरून ९० वर आणला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ९० पेक्षा ११० ला तो जवळपास दीडपट. त्यांच्या १८ किमीच्या मोकळ्या तुकड्यावर यात सव्वादोन मिनिटांच्या आसपास जातात.

चौदा महिन्यांनंतर

वहीत २१,००० किमी, १,१७० लिटर. सरासरी १७.९. जुन्या गाडीला एवढ्याच रस्त्याला २,१०० लिटर लागले असते. वाचलेले ९३० लिटर म्हणजे सुमारे साडेपंधरा भाग.

पाचव्या महिन्यात क्लच घसरू लागला. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढायचा, गाडी तेवढी पळायची नाही. क्लच सेट बदलायला ६ लागले. सुरुवातीची कामं ९, ब्रेक १, क्लच ६, एकूण १६. म्हणजे चौदा महिन्यांची इंधनबचत दुरुस्त्यांनी जवळपास पूर्ण खाल्ली, आणि खरी बचत आता सुरू होते आहे. खरेदीसह एकूण खर्च ९८. कर्ज नाही. खात्यात २ शिल्लक आहेत, आणि ताई दर महिन्याला त्यात २० लिटर पेट्रोलच्या किमतीइतके पैसे टाकतात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी माझी चूक. ती बारा मिनिटांची टेस्ट ड्राइव्ह. आम्ही सीटबेल्टच्या चिठ्ठ्या वाचल्या, रंगाचे मायक्रॉन मोजले, आणि गाडी तिच्या खऱ्या रस्त्यावर नेलीच नाही. चाळीस मिनिटं चालवली असती तर चाक तिथेच तापलं असतं. चढावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघितला असता तर क्लचची कुरबुर बहुधा तेव्हाच कळली असती, आणि ते ७ भाग सौद्याच्या वेळी मालकांसमोर ठेवता आले असते. मालकांना घाई होती हे खरं, पण "मग उद्या येतो" म्हणणं माझं काम होतं. आता मी खरेदीदाराच्या रोजच्या वाटेवर, निदान एका बाजूने, गाडी चालवल्याशिवाय होकार देत नाही.

फेऱ्यांची वही दोनऐवजी चार आठवडे ठेवली असती तर बरं झालं असतं. पहिल्या दोन आठवड्यांत ताईंच्या रात्रपाळ्या कमी होत्या, त्यामुळे मोकळ्या रस्त्याचा वाटा आम्ही कमीच धरला. निर्णय त्याने बदलला नसता, पण डिझेल इतक्या सहज बाद झाली नसती.

राखीव रक्कम १० ऐवजी १५ हवी होती. लाखाच्या पुढे गेलेल्या गाडीला पहिल्या वर्षात काही ना काही लागतंच, आणि क्लच हा झिजणारा भाग आहे हे मला ठाऊक होतं. ८२ ची गाडी घेताना आम्ही १८ मागे ठेवले, ७७ पर्यंतच शोधायला हवं होतं.

हायब्रिडच्या बाबतीत माझं मन अजून पूर्ण स्वच्छ नाही. आम्ही एकच बघितली, ती वाईट निघाली, आणि त्या एका गाडीवरून तो पूर्ण पर्याय मिटला. निगा राखलेली, बॅटरीचे सगळे गट एका पातळीवर असलेली दुसरी हायब्रिड सापडली असती, आणि भाव ९५ च्या आसपास असता, तर १० भागांचा फरक २९ महिन्यांत वसूल झाला असता. शोधायला दोनेक महिने गेले असते, त्यात जुन्या गाडीने नव्या पेट्रोलच्या मानाने १३४ लिटर जास्त प्यायले असते, आणि तिचा गिअरबॉक्स तेवढा टिकला असता की नाही हे सांगता येत नव्हतं. दादा हा विषय अजून काढतात, आणि प्रत्येक वेळी मी त्यांना सांगतो की थांबायला हरकत नव्हती.